चुनखडीच्या रानातला खताचा हिशेब

मृग लागण्याच्या आधी आमच्याकडे, म्हणजे परभणी जिल्ह्यात सेलूच्या आसपास, कोणत्याही कृषी सेवा केंद्राच्या पायरीवर एकच प्रश्न ऐकू येतो, "यंदा एकरी किती बॅगा टाकायच्या?" या प्रश्नाला आतील दुकानदारही बॅगांमध्येच उत्तर देतो आणि व्यवहार पूर्ण होतो. शेजाऱ्याने दोन टाकल्या म्हणून आपणही दोन, आणि त्याचा उतारा, म्हणजे उत्पादन, जास्त आला तर पुढल्या वर्षी अडीच, अशा रीतीने खताचे प्रमाण ठरत आले आहे. माझे म्हणणे असे की आपल्या भागात उतारा अडतो तो बहुतेक वेळा खत कमी पडल्यामुळे नव्हे, तर टाकलेले खत मुळापर्यंत न पोचल्यामुळे. म्हणून पोत्यांचा हिशेब बाजूला ठेवून किलोंत अन्नद्रव्यांचा, आणि त्याहीपेक्षा खत नेमके कुठे पडते याचा हिशेब मांडायला हवा.

मराठवाड्याची काळी जमीन अग्निजन्य बेसॉल्ट खडकापासून तयार झाली आहे. ती पाणी धरते, फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडते आणि तिच्यात पालाश (पोटॅश) सहसा भरपूर असतो. मात्र तिच्यात मुक्त चुनखडी असते, सामू (पीएच) बहुतेक ठिकाणी आठच्या आसपास किंवा त्याहून वर असतो आणि सेंद्रिय कर्ब (कार्बन) अर्ध्या टक्क्याच्या खाली गेलेला आढळतो. माती परीक्षणाच्या प्रचलित वर्गवारीत ०.५ टक्क्याखालील कर्ब कमी धरतात. उपलब्ध जस्त ०.६ पीपीएमच्या (दहा लाखांत ०.६ भाग) आणि लोह ४.५ पीपीएमच्या खाली असेल तर कमतरता मानतात. आमच्या रानाचा अहवाल याच पठडीतला आहे, आणि तालुक्यातील जे अहवाल मी पाहिले तेही फारसे निराळे नाहीत. नत्र (नायट्रोजन), स्फुरद (फॉस्फरस), जस्त आणि लोह या चारही अन्नद्रव्यांशी अशी जमीन कशी वागते ते एकदा लक्षात आले की कोणत्या खताला किती पैसे द्यावेत हे बरेचसे आपोआप ठरते.

सोयाबीनचे उदाहरण घेऊ, कारण आज खरिपात निम्मे रान त्यानेच व्यापलेले दिसते. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाची शिफारस हेक्टरी ३० किलो नत्र, ६० किलो स्फुरद, ३० किलो पालाश आणि २० किलो गंधक अशी आहे. एकराला हे प्रमाण १२, २४, १२ आणि ८ किलो पडते. आता बॅगा पाहू. डीएपीच्या (डाय-अमोनियम फॉस्फेट) ५० किलोच्या बॅगेत १८ टक्के नत्र आणि ४६ टक्के स्फुरद असतो, म्हणजे ९ किलो नत्र आणि २३ किलो स्फुरद मिळतो. स्फुरदाची गरज तिथेच जवळपास भागते, परंतु गंधक आणि पालाश शून्य. हाच २४ किलो स्फुरद सिंगल सुपर फॉस्फेटमधून द्यायचा तर १६ टक्क्यांच्या हिशेबाने १५० किलो, म्हणजे तीन बॅगा लागतात. मात्र त्यासोबत ११ टक्क्यांच्या हिशेबाने सोळा किलोंहून अधिक गंधक येतो. नत्रासाठी मग २६ किलो युरिया वेगळा घ्यावा लागतो. १२:३२:१६ (अनुक्रमे नत्र, स्फुरद, पालाश यांचे टक्के) हे खत ७५ किलो, म्हणजे दीड बॅग टाकले तर ९ किलो नत्र, २४ किलो स्फुरद आणि १२ किलो पालाश असा जवळजवळ नेमका मेळ बसतो, फक्त गंधक तेवढा बाहेरून द्यावा लागतो. याउलट १०:२६:२६ची एक बॅग टाकून "डोस झाला" असे समजणाऱ्याच्या रानात १३ किलो स्फुरद आणि तेवढाच पालाश पडलेला असतो. जे कमी आहे ते अर्धे मिळाले आणि जे जमिनीत आधीच मुबलक आहे ते गरजेपेक्षा जास्त मिळाले. बॅग तीच, किंमतही हलकी नाही, पण उपयोग मात्र उणा.

सोयाबीनसारख्या तेलबियांना गंधक लागतो हे सर्वांना ठाऊक असूनही केवळ डीएपी मिळवण्यासाठी पहाटेपासून रांगा लागतात, याचे मला नवल वाटते. तीन बॅगा वाहून नेणे आणि पेरणीच्या घाईत त्या चाड्यातून, म्हणजे पेरणीच्या औजारावरील वाडग्यातून, खाली सोडणे त्रासाचे आहे, हे मान्य. तरीही टंचाईच्या वर्षी डीएपीच्या एका बॅगेसोबत गरज नसलेली दुसरी कसली तरी बाटली किंवा थैली गळ्यात मारली जाते. या लिंकिंगचा अनुभव मलाही आहे आणि ज्याला नाही असा शेतकरी विरळाच. अशा वेळी सुपर फॉस्फेट, युरिया आणि गरजेपुरता पालाश हा मार्ग मला अधिक सरळ वाटतो.

आता मुख्य मुद्द्याकडे वळतो. स्फुरद हे जमिनीत न हलणारे अन्नद्रव्य आहे. डीएपीचा दाणा ओल्या मातीत विरघळला की त्यातील स्फुरद दाण्यापासून फार तर एखाद-दोन सेंटिमीटर सरकतो. चुनखडीच्या जमिनीत त्याला तेवढ्यातच कॅल्शियम गाठते आणि तो हळूहळू कमी विरघळणाऱ्या संयुगांत बांधला जातो. टाकलेल्या स्फुरदापैकी पहिल्या पिकाला साधारण १५ ते २० टक्केच मिळतो, असे कृषिशास्त्र सांगते. उरलेला जातो कुठेच नाही, तो रानातच राहतो, पण कुलपात. यावरून दोन गोष्टी निघतात. पहिली, स्फुरदयुक्त खत पेरणीनंतर वरून फेकणे म्हणजे ते कोरड्या पडणाऱ्या वरच्या थरात अडकवून ठेवणे होय, कारण पाऊस आठ दिवस उघडला की त्या थरात मुळेच काम करीत नाहीत. दुसरी, हे खत बियाण्याच्या खाली आणि बाजूला, साधारण दोन इंचांवर, पट्ट्यात पडले तर दाण्यांचा मातीशी संपर्क कमी होतो, बांधले जाण्याचा वेग मंदावतो आणि कोंब फुटल्यानंतर मुळाला ते वाटेतच सापडते.

आमच्याकडे तिफणीला बियाण्याचे आणि खताचे चाडे वेगळे ठेवण्याची रीत होती. ट्रॅक्टरच्या पेरणी यंत्रालाही खताची पेटी वेगळी असते, पण तिच्या नळ्या आणि बियाण्याच्या नळ्या यांच्या दात्यांची खोली कोणी तपासत नाही. पेरणी सुरू करण्याआधी यंत्र दहा-बारा हात चालवून थांबवावे, बसून हाताने तासातील, म्हणजे पेरणीच्या ओळीतील, माती अलगद उकरावी आणि खत कुठे पडले, बी कुठे पडले हे डोळ्यांनी पाहावे. पाच मिनिटांचे काम आहे. पुष्कळदा असे दिसते की खताचे दाणे बियाण्याला चिकटूनच पडले आहेत. सोयाबीनचे बी नाजूक, वरचे टरफल पातळ. विम्ल (अल्कधर्मी) जमिनीत डीएपीच्या दाण्याभोवती जो अमोनिया तयार होतो त्याने उगवण मार खाते, आणि मग बियाणे बोगस निघाले म्हणून ओरड होते. काही जण तर घाईत बी आणि डीएपी एकाच चाड्यात मिसळून पेरतात. बियाण्याला लावलेले जिवाणू संवर्धनही त्यात मरते, म्हणजे एका हाताने लावायचे आणि दुसऱ्या हाताने पुसायचे.

जिवाणूंचा विषय निघालाच आहे तर सोयाबीनच्या नत्राबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण माझ्या मते आपल्या भागात सर्वांत मोठा गैरसमज इथे आहे. सोयाबीनच्या दाण्यात सुमारे ४० टक्के प्रथिने असतात आणि प्रथिनांच्या सव्वासहाव्या भागाइतका नत्र धरतात. म्हणजे १० क्विंटल सोयाबीन आडतीवर घातले की ६० किलोंहून अधिक नत्र त्या पोत्यांतून रानाबाहेर गेला. आपण एकरी टाकतो १२ किलो. मग उरलेला आला कुठून? मुळांवरील गाठींतून आणि जमिनीतील सेंद्रिय पदार्थांतून. गाठींतील रायझोबियम गटाचे जिवाणू हवेतील नत्र पिकाच्या उपयोगाचा करतात. ही यंत्रणा फुकट आहे, परंतु रुसणारी आहे. जमिनीत नत्र फार झाला तर झाड गाठी कमी धरते, पाणी साचून मुळांना हवा मिळाली नाही तरी त्या काम थांबवतात. म्हणून पीक महिन्याचे झाले की त्याला "काळोखी" यावी या हेतूने युरियाची मूठ फेकणे हे चांगल्या चालणाऱ्या कारखान्याला टाळे ठोकण्यासारखे आहे. त्यातून पाला वाढतो, झाडे लोळतात, किडींना कोवळे खाद्य मिळते, आणि शेंगा मात्र त्या मानाने लागत नाहीत.

गाठी काम करतात की नाही हे पाहणे अवघड नाही. फुले लागण्याच्या सुमारास रानाच्या निरनिराळ्या भागांतून चार-पाच झाडे खुरप्याने मातीच्या ढेपेसह काढावीत, उपटू नयेत, कारण उपटताना गाठी जमिनीतच राहतात. ढेप बादलीतील पाण्यात हलके बुडवून माती सुटू द्यावी. मुख्य मुळाच्या वरच्या भागावर ज्वारीच्या दाण्यापासून वाटाण्यापर्यंत आकाराच्या गाठी दिसतात. त्यातील एक नखाने फोडावी. आतून गुलाबी किंवा लालसर निघाली तर ती नत्र बांधत आहे, पांढरी किंवा हिरवट निघाली तर ती नुसती बसून आहे. ज्या रानात गाठी विरळ दिसतात तिथे पुढील हंगामात बीजप्रक्रियेकडे लक्ष द्यावे. आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक आणि सर्वांत शेवटी, पेरणीच्या अगदी आधी सावलीत, रायझोबियम आणि स्फुरद विरघळवणारे जिवाणू हा क्रम पाळावा.

याच हिशेबाचा आणखी एक अर्थ असा, की सोयाबीन जमीन सुपीक करते हे वाक्य आपण समजतो तितके सरळ नाही. दाण्यांतून एवढा नत्र बाहेर जात असताना वर मळणीचे भुसकटही धुऱ्यावर जाळून टाकले तर जमिनीच्या खात्यावर बाकी उरण्याऐवजी उचलच होते. सलग वर्षानुवर्षे सोयाबीन आणि भुसकटाला काडी, हे ज्या रानात चालू आहे तिथला कर्ब घसरला तर त्याला खताची कंपनी जबाबदार नाही.

पिवळेपणाचे औषध म्हणून युरिया वापरण्याची सवय तर वेगळ्या कारणाने महागात पडते. जुलैमध्ये दोन-चार दिवस झड लागली, रानात पाणी तुंबले, आणि सोयाबीनचे शेंडे पिवळे पडले की सर्वत्र युरियाची मागणी वाढते. इथे पान हातात घेऊन पाहावे. नत्र कमी पडल्यास खालची, जुनी पाने आधी आणि सगळीकडून सारखी पिवळी होतात, कारण झाड जुन्या पानांतील नत्र काढून नव्यांना देते. लोह झाडाला असे हलवता येत नाही, म्हणून लोहाच्या कमतरतेत शेंड्याची कोवळी पाने पिवळी पडतात आणि त्यांच्या शिरा हिरव्या राहतात, जणू पिवळ्या पानावर हिरवी जाळी काढली आहे. चुनखडीच्या ओल्या रानात जे होते ते बहुतांशी हे दुसऱ्या प्रकारचे असते. जमिनीत लोह असते, पण पाणी साचल्याने वाढलेल्या बायकार्बोनेटमुळे मुळाला ते उचलता येत नाही. यावर उपाय पाणी काढून देणे, वाफसा येताच कोळपणी करून हवा खेळवणे, आणि गरज वाटल्यास फेरस सल्फेटची अर्ध्या टक्क्याची किंवा चिलेटेड लोहाची फवारणी. जमिनीतून फेरस सल्फेट नुसते टाकले तर ते चुनखडीत लवकरच निकामी होते, शेणखतात मुरवून दिले तर काही हाती लागते. रुंद वरंबा सरीवर, म्हणजे बीबीएफ यंत्राने पेरणी केलेल्या रानात हा पिवळेपणा ठळकपणे कमी दिसतो, आणि हे खताची एक मूठही न वाढवता साधते.

कापसाची गोष्ट निराळी. त्याला नत्र खरोखर लागतो आणि तो लांब मुदतीत लागतो, म्हणून पेरणीवेळी काही भाग, महिन्याने काही आणि पाते-फुले धरण्याच्या काळात, साधारण दोन महिन्यांनी उरलेला, अशी विभागणी करतात. युरियाच्या ४५ किलोच्या बॅगेत २०.७ किलो नत्र असतो. तो ओलसर मातीच्या पृष्ठभागावर नुसता फेकला, तर मातीतील युरिएज हे विकर (एन्झाइम) काही दिवसांतच त्याचे अमोनियात रूपांतर करते, आणि आठच्या वर सामू असलेल्या आपल्या जमिनीत हा अमोनिया वायू होऊन उडून जातो. पाऊस पुरेसा झाला तर तो मुरतो, पण शिंतोड्यांवर भरवसा ठेवून टाकलेल्या युरियाचे नुकसान सर्वांत जास्त. रान तुंबल्यास नायट्रेटच्या रूपातील नत्रही वायुरूपाने निघून जातो. २०१५ पासून देशातील युरिया कडुनिंबाचे आवरण असलेला मिळतो, त्याने नायट्रेट होण्याची क्रिया मंदावते. पण वरून उडून जाणारा अमोनिया तेवढ्याने थांबत नाही. त्यासाठी झाडाच्या बुडापासून वीतभर अंतरावर दोन इंच खोल देऊन मातीआड करणे, किंवा निदान फेकल्याबरोबर कोळपे चालवणे, एवढेच हाती आहे. मजुरी लागते हे खरे, मात्र वाया जाणाऱ्या नत्राची किंमत धरली तर ती फिटते. नॅनो युरियाबद्दल विचारणा होते म्हणून सांगतो, ४ टक्के नत्राच्या ५०० मिलीच्या बाटलीत नत्र सुमारे २० ग्रॅम भरतो. फवारणी म्हणून तिचा जो उपयोग असेल तो असो, ती एका बॅगेची जागा भरून काढेल हे अंकगणित मला पटत नाही.

युरियाकडे हात आधी का जातो, याचे उत्तर भावात आहे. २६६ रुपये ५० पैशांची बॅग म्हणजे नत्र किलोला १३ रुपयांच्या आत. डीएपीची बॅग १,३५० रुपये धरली आणि तिच्यातील नत्राचे मोल युरियाच्या भावाने वजा केले, तर स्फुरद किलोला ५३ रुपयांच्या पुढे जातो. १ एप्रिल २०१० पासून स्फुरद आणि पालाश यांना अन्नद्रव्यानुसार अनुदान लागू झाले आणि युरिया त्यातून बाहेर राहिला. स्वस्त तेच जास्त टाकण्याकडे कल होणे यात शेतकऱ्याचा दोष नाही. पण महाग असलेला स्फुरद फेकून देणे कुणाला परवडेल?

शेणखताविषयी मी भाविकपणे लिहिणार नाही. चांगल्या कुजलेल्या शेणखतात नत्र अर्धा टक्का, म्हणजे एका टनात पाच किलो. बैल गेले, गोठे ओस पडले, आणि ट्रॉलीचा भाव असा वाढला की केवळ नत्रासाठी ते विकत घेणे आतबट्ट्याचे आहे. त्याचे खरे मोल कर्बात, ओल धरण्यात आणि चुनखडीत अडकलेले जस्त-लोह मोकळे करण्यात आहे. त्यामुळे जे थोडे असेल ते सगळ्या रानात विस्कटण्याऐवजी दरवर्षी एका तुकड्याला नीट द्यावे, आणि ते पुरते कुजलेले असावे, कारण कच्च्या शेणखतासोबत हुमणीची अळी आणि तणाचे बी रानात येते. उन्हातला, उघडा, कोरडा उकिरडा नत्र गमावतो. पऱ्हाटीचे, म्हणजे कापसाच्या वाळल्या झाडांचे, तुकडे करून जमिनीत गाडणे, सोयाबीनचे भुसकट रानातच पसरणे आणि बांधावर गिरिपुष्प लावून त्याचा पाला पाडणे हे तिन्ही उपाय कोरडवाहू शेतकऱ्याच्या आवाक्यातले आहेत. धैंचा किंवा ताग ही हिरवळीची पिके मात्र पाणी असेल तरच, नाही तर त्यांची ओल आणि मुख्य पिकाची ओल यांत भांडण लागते.

माती परीक्षण करावे हे सगळेच सांगतात. १९ फेब्रुवारी २०१५ रोजी सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिका योजनेत १२ घटक तपासण्याची सोय झाली, हे चांगलेच झाले. तथापि त्या योजनेत सुरुवातीला कोरडवाहू भागात १० हेक्टरांच्या चौकटीमागे एक नमुना घेण्याची पद्धत होती, म्हणून हातातील पत्रिका शेजाऱ्याच्या मातीची असू शकते. आपला नमुना आपणच काढावा. उन्हाळ्यात, खत टाकण्यापूर्वी, बांध, झाडाखालची जागा आणि उकिरड्याची जागा सोडून, इंग्रजी व्ही आकाराचा वीतभर खड्डा घ्यावा आणि त्याच्या कडेची वरपासून खालपर्यंत सारखी पातळ चकती काढावी. भारी रान आणि मुरमाड उतार यांची माती कधीही एकत्र करू नये.

आणि एवढे सगळे करूनही खत लागू पडले की नाही हे कसे कळणार? त्यासाठी मी रानात चार तासांचा, म्हणजे चार ओळींचा, एक पट्टा बिनखताचा ठेवतो. पेरणी, बियाणे, फवारणी सर्व तेच, फक्त खताची पेटी बंद. काढणीला तो पट्टा आणि शेजारचे तेवढेच चार तास वेगळे मळून वजन करायचे आणि फरकाला टाकलेल्या अन्नद्रव्याच्या किलोंनी भागायचे. एका किलोमागे किती दाणे जास्त आले ते समोर येते, आणि त्या दाण्यांचा भाव खताच्या भावाशी ताडून पाहता येतो. घरच्यांना हा पट्टा म्हणजे हातचे नुकसान वाटते, पण चार तासांतील घट एका बॅगेच्या किमतीच्या जवळपासही जात नाही. ज्या वर्षी फरक अगदी थोडा दिसतो, त्या वर्षी मी मागोमागच्या हरभऱ्याचा स्फुरद कमी करतो. हरभऱ्याची मुळे सेंद्रिय आम्ले सोडून चुन्याने बांधलेला जुना स्फुरद काही प्रमाणात मोकळा करतात, त्यामुळे ओल चांगली असेल तर निम्म्या मात्रेवरही ते पीक नड दाखवत नाही. पट्टा दरवर्षी नव्या जागी घ्यावा. एकाच जागी ठेवला तर ती जागा उपाशी होत जाते आणि खताचा फायदा आहे त्यापेक्षा मोठा दिसू लागतो.